हरवलेल्या पुस्तकाचे पैसे कोण भरणार?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. शुक्रवारी रात्री साडेनऊला ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मामेबहीण. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत ग्रंथपाल आहे. तिचा फोन साधारणपणे दोनच कारणांसाठी येतो. एक, मोबाइल हँग झाला म्हणून आणि दोन, माझ्यासाठी स्थळ आलंय म्हणून. या वेळी तिसरंच निघालं.

"रविवारी मोकळा आहेस ना? आमच्या शाळा ग्रंथपालांची एक दिवसाची कार्यशाळा आहे. सॉफ्टवेअरवर बोलणारे सर येत नाहीयेत. तू ये."

"अगं ताई, मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मला लायब्ररीतलं काय कळतंय?"

"अरे, कॉम्प्युटरच ना शेवटी?"

या वाक्यापुढे भल्याभल्या आयटीवाल्यांनी हात टेकलेत. मीही टेकले.

शनिवारचा अख्खा दिवस बसून अभ्यास केला. कोहा नावाचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ साली ते लिहायला घेतलं आणि आज जगभरातली ग्रंथालयं ते वापरतात. आपल्याकडे एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. दोन्ही चालवून पाहिली, स्क्रीनशॉट काढले, बारकोडची चित्रं टाकली आणि ४२ स्लाइड्सचं प्रेझेंटेशन तयार केलं. स्वतःवर बेहद्द खूश होऊन रविवारी पहाटे पुण्याहून निघालो.

कार्यशाळा कशी असते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. नोंदणी, चहा, दीपप्रज्वलन (पंखा बंद करा, पंखा बंद करा!), शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग प्रमुख पाहुण्यांचं 'वाचनाचं महत्त्व' या विषयावर तासभर भाषण. समोर चाळीसेक ग्रंथपाल बसलेले. म्हणजे ज्यांनी आयुष्य पुस्तकांत घालवलं, त्यांना पुस्तकं महत्त्वाची असतात हे एक तास समजावून सांगणं चाललेलं. आमच्या ऑफिसात कोणी येऊन 'संगणकाचे फायदे' यावर तासभर बोललं तर काय होईल, याचा मी विचार करत होतो. ग्रंथपाल मात्र शांत होते. सवय असावी.

त्यानंतर दशांश वर्गीकरणावर एक व्याख्यान झालं. व्याख्याते खरंच जाणकार होते. मेल्विल ड्यूईने १८७६ साली मांडलेली ही पद्धत, तिचे दहा मुख्य वर्ग, मग उपवर्ग, मग दशांश चिन्ह आणि त्यापुढचे आकडे. माझ्या शेजारी बसलेल्या बाई वहीत मन लावून सगळं उतरवून घेत होत्या. मी हळूच विचारलं, "तुमच्याकडे पुस्तकं किती?" म्हणाल्या, "अडीच कपाटं." जेवणात मसालेभात आणि जिलेबी. आणि मग, जिलेबीनंतरच्या त्या भयंकर वेळी, मी.

पंधरा-सोळा स्लाइड्स छान गेल्या. म्हणजे मला तरी छान वाटल्या. मग मागच्या रांगेतून एक पन्नाशीचे सर उभे राहिले.

"सर, एक शंका होती. पुस्तक हरवलं तर ते या सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहायचं?"

माझ्या आवडीचा प्रश्न! मी उत्साहाने दाखवलं. इथे क्लिक करायचं, स्टेटस 'हरवले' करायचं, झालं.

"ते कळलं हो," सर म्हणाले. "पण पैसे कोण भरणार?"

सभागृहात हशा पिकला आणि हसू ओसरल्यावर एकेक जण बोलायला लागला. कोणी सांगितलं, साठा पडताळणीत सात पुस्तकं कमी आली, गुपचूप स्वतः विकत आणून ठेवली. एक बाई म्हणाल्या, "माझ्या आधीचे सर रिटायर झाले तेव्हा चार्ज घ्यायला मला तीन आठवडे लागले. एकेक पुस्तक हातात घेऊन दाखल रजिस्टरशी टॅली केलं. तेव्हाच ठरवलं, आपला चार्ज देताना असं व्हायला नको. कपाटाला कुलूप घातलं." एकांच्या शाळेत तर किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. ती मागायला जावं लागतं आणि कशाला हवी ते सांगावं लागतं. एक तरुण ग्रंथपाल म्हणाला, "पोरं मागतात हो पुस्तकं. मीच म्हणतो, परीक्षा झाल्यावर."

सकाळपासून गप्प बसलेली माणसं, आता थांबेनात. माझ्या उरलेल्या सव्वीस स्लाइड्स तशाच राहिल्या. प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संयोजकांनी घड्याळ दाखवलं, "आपण हा विषय पुढे कधीतरी घेऊ" असं म्हणून प्रमाणपत्रं वाटली आणि सगळे आपापल्या एसट्या पकडायला पळाले.

माझ्या मते त्या दिवशी खरी कार्यशाळा झाली ती तेवढी वीस-पंचवीस मिनिटंच. आणि नेमकी तीच वेळापत्रकात नव्हती.

परतीच्या वाटेवर ते डोक्यातून जाईना. आपण सगळे 'हल्ली मुलं वाचत नाहीत' म्हणून गळे काढतो. मोबाइलला शिव्या घालतो. पण निदान काही शाळांत तरी पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये मोबाइल उभा नाहीये, एक कुलूप उभं आहे. आणि ते कुलूप घालणारा माणूस आळशी नाही की खडूस नाही. त्याला भीती वाटते. पुस्तक दिलं नाही म्हणून त्याला कोणी कधी नोटीस पाठवलेली नाही. पुस्तक गेलं तर मात्र त्याला जाब विचारला जातो. अशा ठिकाणी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कुलूपच घातलं असतं.

घरी येऊन शोधाशोध केली. हरवलेल्या पुस्तकांबद्दल काही नियम असेलच ना कुठेतरी? आहे. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये, म्हणजे सरकारी पैसा कसा खर्चायचा आणि सरकारी वस्तू कशी सांभाळायची याच्या नियमावलीत, ग्रंथालयासाठी वेगळा नियम आहे. २०१७ च्या आवृत्तीत तो नियम क्रमांक २१५. त्याचा सारांश असा: वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा चाळलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी समजावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर चौकशी करावी. २०,००० पर्यंत पुस्तकं असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी. हे काही २०१७ मध्ये नव्याने सुचलेलं नाही. २००५ च्या नियमावलीतही हजारी पाचाची हीच सूट होती.

मी तीनदा वाचलं. कारण यात एक गंमत आहे आणि ती आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पटकन दिसते. हजारी पाच, पण कशाच्या हजारी? कपाटातल्या पुस्तकांच्या नव्हे, तर दिलेल्या पुस्तकांच्या! म्हणजे समजा ६०० मुलांची शाळा आहे आणि प्रत्येक मुलाने वर्षात दहा पुस्तकं नेली, तर ६००० वेळा देवघेव झाली. तिथे ३० पुस्तकं गेली तरी ते वाजवी. आणि ज्याने वर्षभर कपाट उघडलंच नाही, त्याला किती पुस्तकं हरवायची मुभा? शून्य. जितकं जास्त द्याल तितकं जास्त हरवायची सोय. ज्या कोणी बाबूने हे वाक्य लिहिलं असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आमच्या धंद्यात याला एरर बजेट म्हणतात. सर्व्हर शंभर टक्के वेळ चालू राहील असं कोणी शहाणा माणूस कबूल करत नाही. ९९.९ टक्के म्हणतो, म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद पडायची परवानगी. ती परवानगी असते म्हणून आम्ही नवीन काही करायचं धाडस करतो. ती शून्यावर आणा, मग बघा. एकही इंजिनिअर सर्व्हरला हात लावणार नाही. आणि सर्व्हर बंद पडलाच तर आमच्या पगारातून कोणी पैसे कापत नाही. मीटिंग होते, कारण शोधतात, पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवतात, वर पिझ्झा मागवतात. कोट्यवधींचे व्यवहार सांभाळणाऱ्या आम्हाला एवढी मोकळीक आणि ऐंशी रुपयांचं गोष्टीचं पुस्तक सांभाळणाऱ्या ताईला अजिबात नाही. हे काही बरोबर नाही.

एक खुलासा केलाच पाहिजे. हा नियम केंद्र सरकारच्या कारभारासाठी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी अनुदानित शाळेला तो आपोआप लागू होत नाही, तिथे राज्याचे नियम आणि संस्थेची पद्धत चालते. पण तत्त्व तर घेता येईल ना? शाळा समितीला चार ओळींचा ठराव करायला कोणी अडवलंय?

तर सांगायचा मुद्दा असा, की शाळा ग्रंथपालांच्या कार्यशाळेत पहिला तास या भीतीचा असावा. वर्गीकरण, सॉफ्टवेअर, बारकोड हे सगळं नंतर. कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकांना बारकोड लावून काय करायचं? आणि त्या पहिल्या तासाला ग्रंथपालांबरोबर त्यांचे मुख्याध्यापकही बसलेले असावेत. नाहीतर ग्रंथपाल शिकून परत जातो आणि किल्ली असते दुसऱ्याच्या खिशात.

हा काही माझा मोठा शोध नाही. आपल्याकडे ज्यांच्या नावाने १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो (आमची कार्यशाळाही त्याच निमित्ताने होती), त्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा आहे. जुन्या काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने बांधून ठेवत. रंगनाथन यांनी पहिला नियम समजावताना या साखळ्यांची आठवण काढली आहे. आपण साखळ्या काढल्या, कुलपं आणली.

रंगनाथन यांची स्वतःची गोष्टही बघण्यासारखी आहे. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. परत शिकवायला जायचं म्हणत होते. मग विद्यापीठाने लंडनला प्रशिक्षणासाठी पाठवलं. तिथे वर्गातली व्याख्यानं होतीच, पण त्यांच्या शिक्षकांनी त्यांना चालती-बोलती ग्रंथालयं पाहायला लावली. माणसं येताहेत, पुस्तकं नेताहेत, मुलांची वेगळी खोली आहे, हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना या कामात किती दम आहे ते उमगलं. परत आले ते ग्रंथपाल होऊनच.

आता सांगा, आपण कार्यशाळा कुठे भरवतो? मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात, तेही रविवारी, म्हणजे आसपास एकही मूल नसताना. पोहण्याचा वर्ग गच्चीवर घेण्यासारखंच आहे हे.

गोव्यात पणजीला बुकवर्म नावाची संस्था आहे. २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचं काम करते. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाबरोबर त्यांनी ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम उभा केला. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला आवडलं ते हे, की तो एका दिवसात संपत नाही. काही महिने चालतो. मधेमधे सगळे एकत्र भेटतात, बाकीचा वेळ आपापल्या ठिकाणी काम करतात, आपल्याच ग्रंथालयात काहीतरी करून बघतात आणि त्यावर पुन्हा बोलतात. आम्ही कोड लिहिणं असंच शिकलो की! कॉलेजच्या लेक्चरमध्ये कोण शिकलंय? शेजारी बसलेल्या सीनियरने आपला कोड वाचून 'हे काय लिहिलंयस' म्हटलं, तेव्हा शिकलो.

तसंच इथेही व्हावं. एक ग्रंथपाल मुलांसमोर गोष्ट वाचून दाखवतोय, दुसरा मागे बसून बघतोय, नंतर चहा पिताना सांगतोय की तू चित्र मुलांना दाखवलंच नाहीस. तीन महिन्यांनी सगळे परत भेटतात आणि येताना प्रत्येकाने एकच आकडा आणायचा: या तीन महिन्यांत किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली? प्रमाणपत्र त्यानंतर.

ऑफिसात एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा रे, आधी ग्रंथपाल नेमा, मग शिकवा." खरंय त्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत असं लिहिलंय. पण त्याच परिशिष्टातल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत मुख्याध्यापक आहे, शिक्षक आहेत, कला आणि शारीरिक शिक्षणाचे अर्धवेळ निदेशक आहेत, ग्रंथपाल मात्र नाही. मग ज्या शाळेत ग्रंथपाल नाही, तिथे एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात ग्रंथालयाचा चार्ज पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय आणि ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही ओझरता उल्लेख आहे. पद भरा ही मागणी केलीच पाहिजे. पण पद भरेपर्यंत चार्जवाल्या गुरुजींनी कुलूप घालून बसावं का? त्यांना तर भीती जास्तच, कारण हे त्यांचं मूळ कामही नाही. त्या ५० तासांतले पाच तास जरी इकडे वळवले तरी पुष्कळ होईल.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण म्हणजे तुम्ही-मी, शनिवार-रविवार सुट्टी असलेले, सीएसआरच्या दिवशी टी-शर्ट घालून शाळेत जाऊन पुस्तकांचे खोके देणारे. मीही दोनदा गेलोय. फोटोही काढलेत. आता कळतंय की त्या खोक्यातलं प्रत्येक पुस्तक ग्रंथपालाच्या दाखल रजिस्टरमध्ये एक ओळ होऊन बसतं. म्हणजे आपण दोनशे पुस्तकं दिली की त्यांच्या डोक्यावर दोनशे पुस्तकांची जबाबदारी वाढते आणि कुलूप आणखी घट्ट होतं. पुढच्या वेळी खोका न्यायच्या आधी एक प्रश्न विचारा: यातली काही हरवली तर चालतील ना? आणि पुस्तकांबरोबर मुख्याध्यापकांच्या नावे एक साधं पत्र द्या, की ही पुस्तकं वापरून फाटावीत, हरवावीत, हीच देणाऱ्यांची इच्छा आहे. पत्राला खर्च शून्य. अगदीच भीती वाटत असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. त्या फुकट उतरवून घेता येतात, छापून वाटायलाही परवानगी आहे. गेलं एखादं तर पुन्हा छापू.

असो. ताईचं पुढे काय झालं ते सांगतो.

मी तिला तो नियम मराठीत लिहून पाठवला. तिने प्रिंट काढून मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे केंद्राचं आहे. आपल्याला लागू नाही." ताई म्हणे काहीच बोलली नाही, नुसती उभी राहिली. मग तेच म्हणाले, "सातवी ब पासून सुरू करा. बघू."

तो अजून ठराव झालेला नाही. कागदावर काहीच नाही. पण दिवाळीनंतर सातवी ब ची मुलं दर शुक्रवारी पुस्तकं घरी नेतात. जानेवारीपासून सातवी अ पण.

मागच्या आठवड्यात फोन आला होता. म्हटलं, "किती हरवली?"

"तीन. दोन सापडतील. एक नाही सापडायचं. ऊसतोडीला आलेल्यांची एक मुलगी होती वर्गात. हंगाम संपला, मार्चमध्ये गावी गेले ते लोक बीडकडे. पुस्तक तिच्याकडेच राहिलं."

"मग? पैसे कोण भरणार?"

"मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, शेऱ्यात लिहा, विद्यार्थिनीकडे वाचनासाठी."

तर मंडळी, पुढच्या ऑगस्टमध्ये ताईच्या तालुक्यात पुन्हा कार्यशाळा आहे आणि मला परत बोलावलंय. या वेळी स्लाइड्स नाहीत. संयोजकांना कळवलंय, की मला जिलेबीनंतरची अर्धा तासाची वेळ चालेल, पण सकाळचा पहिला तास त्या मागच्या रांगेतल्या सरांना द्या. आणि मुख्याध्यापकांनाही बोलवा. बघू काय म्हणतात ते.